स्लॅबखालची खुर्ची

६ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. किती ते लिहीत नाही, कारण मागचे तू कुठे सांडलेस ते ठाऊक नाही. तुझ्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, तुझं नाव चांगलंच ठेवलं होतं. पण नावाने हाक मारायला माणूस हाकेच्या अंतरावर तर हवा! पायाला भिंगरी, म्हणून नावही भिंगरी.

पोचलास का ते आधी कळव. फोन नको. तिथे प्रशिक्षण संस्थेच्या दारातच फोन काढून घेतात असं ऐकलं, आणि इथे मिक्सर चालू असला की मला फोनवर फक्त माझाच आवाज ऐकू येतो.

तुला तिथे का धाडलं ते पुन्हा लिहून ठेवतो, कारण सांगत होतो तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. नवा नियम आलाय. राहती घरं बांधणाऱ्या ठेकेदाराकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पाहिजे. नसेल तर स्लॅब घालायला परवानगी नाही. घातलेल्या स्लॅबखालचे टेकू काढायचे, तरी प्रमाणपत्रवाल्याची सही. आणि ज्याची सही, त्याची जबाबदारी. म्हणजे गावातली निम्मी घरं ज्याने उभी केली, त्याने आता कुणीतरी पेन उघडायची वाट बघत उकिडवं बसायचं. बांधकाम खात्यातला साहेब मला विचारतो, "तुमचं शिक्षण काय?" म्हटलं, "तुम्ही ज्या शाळेत शिकलात ना साहेब, तिची मुतारी मी बांधलीय. अजून गळत नाही." तो हसला नाही. नियमात हसायची तरतूद नसावी.

तर दहावी पास लागतो म्हणे. आपल्या अख्ख्या गोतावळ्यात दहावी पास आणि वर रिकामा असा तूच. दुसऱ्या खेपेला का होईना.

तुझ्या ताईच्या घराच्या भिंती उभ्या आहेत आणि वर आभाळ आहे. जावईबापू रोज येतात, वर बघतात आणि न बोलता जातात. बोलले असते तर बरं. बाप ठेकेदार आणि लेकीच्या डोक्यावर छप्पर नाही! लोक तोंडावर हसत नाहीत, मी पुढे गेलो की खोकतात.

तू फक्त कागद आण. शिकायचं वगैरे मनावर घेऊ नकोस. शिकलेला मी आहे. कागदवाला तू हो.

तुझा मामा


१५ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा. खोलीत चार खाटा आहेत, वाकायला जागा नाही.

पोचलो. एक दिवस उशिरा पोचलो, कारण वाटेत बस बिघडली तिथे एक जण मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमध्ये चढवत होता आणि मी त्याला हात लावायला गेलो. माणूस फार भला. माश्या तितक्या नव्हत्या. पहिल्या दिवसाचं व्याख्यान मी एकाच कानाने ऐकलं, दुसरा सुजून बंद होता. त्यामुळे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणं मला जमलं नाही, सगळं आतच राहिलं. मधमाश्यांबद्दल एक गंमत सांगणार होतो, पण ती नंतर.

घरं कशी बांधावीत हे जिथे शिकवतात, ती इमारत बघून माणूस तंबूत राहायला जाईल. आमच्या वर्गाच्या मधोमध, बाकांच्या रांगेत, एक लाकडी टेकू उभा आहे. जमिनीपासून छतापर्यंत. त्यावर तेलरंगात लिहिलंय, "तात्पुरता". आणि अक्षरं पुसट झाली म्हणून मागाहून पुन्हा गिरवलेली दिसतात. त्याच्या मागे बसणाऱ्याला फळा दिसत नाही, म्हणून ती जागा मी पकडली. टेकूला खिळे ठोकलेत, त्यावर मुलं टॉवेल वाळवतात.

सरांना मी विचारलं, "सर, तुम्ही घर बांधलंय का कधी?" म्हणाले, "मी भाड्याने राहतो. त्यामुळे बांधकामाकडे तटस्थपणे बघता येतं."

पुस्तकात छतावर साठणाऱ्या बर्फाच्या वजनाचा मोठा धडा आहे. आमच्या वर्गातल्या कुणी सरबताच्या गाडीवर सोडून बर्फ पाहिलेला नाही. सरांनी पण नाही. पण परीक्षेत हमखास येतो म्हणून आम्ही तो घोकतोय. सुरक्षेच्या धड्याला हेल्मेट दाखवलं. संस्थेत एकच आहे. ते डोक्यात घालायचं, फोटो काढायचा आणि पुढच्याला द्यायचं. पुढचा आधी ते शर्टाला पुसतो.

आता एक विचारतो, रागावू नका. वर्गात मागच्या बाकांवर तुमच्या वयाचे गवंडी, मिस्त्री बसतात. एकाला तर सहीपण येत नाही, त्याची परीक्षा तोंडी घेणार आहेत. त्यांच्या गटाला "अनुभवी गट" म्हणतात. शाळेचा दाखला लागत नाही, हात बघून घेतात. ही सोय पहिल्या दिवसापासून आहे म्हणे, तुमच्या त्या खात्याच्या दारावरच कागद चिकटवलाय.

मामा, दहावी लागते हे तुम्हाला कुणी सांगितलं?

तुमचा भिंगरी


२४ जानेवारी

चि. भिंगरी,

कुणी सांगितलं हे महत्त्वाचं नाही. मोठ्यांना उलटतपासणी घेणारी पत्रं लिहू नयेत.

आणि समजा असेल सोय. मी काय आता बाकावर बसू? ज्या पोरांना मी थापी धरायला शिकवली ती पुढच्या बाकावर, आणि मी मागून बोट वर करून विचारू, "सर, पाणी पिऊन येऊ?" माझं प्रमाणपत्र तुला माहीत आहे. टेकू काढायच्या दिवशी स्लॅबच्या बरोबर खाली, मधोमध, मी आपली खुर्ची टाकतो. तीच, डाव्या हाताला बांधणीच्या तारेने आवळलेली. माणसं एकेक टेकू ओढून काढतात. मालक बाहेर उभा राहून देव आठवतो. आणि मी वर न बघता चहा पितो. मामी कितीही लांबच्या कामावर तो चहा घेऊन येते, हे तुला माहीतच आहे. कप रिकामा करून बशीवर उपडा घातला की मालकाने समजायचं, घर झालं. आजवर एका मालकाने कागद मागितला नाही. बांधणारा स्वतः खाली बसला, याच्यावर कुठला शिक्का मारणार तुमचे सर?

तर ते राहू दे. गिरणीवाल्याचा बंगला पण अडलाय, त्याच्या पोर्चचा स्लॅब राहिलाय. माणूस चांगला आहे, अंगावर कायम पीठ, त्यामुळे घाबरला तरी ओळखू येत नाही. पण घाई फार. प्रमाणपत्र हातात पडलं की त्या परवानगीच्या आणि टेकू काढायच्या दाखल्यांच्या कोऱ्या कागदांवर सह्या करून जाड पाकिटातून आधी पाठव. मजकूर मी भरीन. तू येईपर्यंत थांबायचं म्हणजे तुझ्या वाटेत पुन्हा मधमाश्या आल्या तर?

सिमेंटवाला सांगत होता, तू तिथल्या मैदानावर आकाशपाळण्यापाशी दिसलास. वर्गाच्या वेळेत. त्याला म्हटलं, तो माझा भाचा नसेल. खोटं बोलायला लावू नकोस.

मामा


३ मार्च

ती. मामा,

नमस्कार, आणि या वेळी जरा ताठ मानेने, कारण हा एका प्रमाणित ठेकेदाराचा नमस्कार आहे.

पास झालो! सगळेच झाले. नापास करण्याची पद्धत अजून ठरायची आहे, असं कारकून म्हणाला. परीक्षेत बर्फ आला. टेकूही आले: "स्लॅबखालचे टेकू कधी काढावेत?" चार पर्याय होते आणि चौथा होता, "वरीलपैकी सर्व". मी त्याच्यावर खूण केली. बरोबर निघालं!

खरं सांगायचं तर दोन महिन्यांत माझ्या डोक्यात सरांचं एकच वाक्य राहिलंय. एक दिवस कुणाची तरी ओली चादर सरांच्या तोंडावर आली. ती बाजूला करत ते त्या वर्गातल्या टेकूला थोपटून म्हणाले, "पोरांनो, टेकू काढायची घाई ज्याने केली तो रडला. ज्याने केली नाही तो फार तर कंटाळला. मी नोकरीला लागलो तेव्हापासून कंटाळतोय." सगळे हसले. मी पण.

फोटो जोडलाय. हेल्मेट तेच. घाम माझा नाही.

आकाशपाळण्यापाशी दिसलेला मीच. आता लपवून काय करू? पाळणेवाला पुढच्या गावी तळ हलवतोय आणि त्याला नट-बोल्ट पिळायला माणूस हवाय. मामा, वर गेलं की शाळा, संस्था, खातं, सगळं एवढंस्सं दिसतं, आणि खाली येताना पोटात जे होतं ते कुठल्याच पुस्तकात नाही. एक महिनाभर जातो. तुम्हाला हवा होता तो कागद तर आलाच. सोबत सह्या केलेले कोरे कागद आहेत. सही करताना शेवटच्या अक्षराला शेपूट काढलंय, ठेकेदाराच्या सहीला शोभतं ना?

उत्तर पाळणेवाल्याच्या पत्त्यावर लिहा, मागे दिलाय.

तुमचा भिंगरी, प्रमाणित


२१ मार्च

चि. भिंगरीसाहेब,

शाबास! कागद मिळाले. शेपूट बघून तुझी मामी म्हणाली, "सही आहे की उंदीर?" पण खात्यात चालली.

गिरणीवाल्याचा पोर्च मागच्याच आठवड्यात ओतून झाला. ताईच्या स्लॅबची परवानगी आली, येत्या शनिवारी ओततोय. दोन्ही कामांच्या फलकांवर तुझं नाव, हाताएवढ्या अक्षरांत. रंगारी विचारत होता, हे कोण? म्हटलं, आमचे साहेब, सध्या दौऱ्यावर असतात.

एकच अडचण. टेकू आपल्याकडे एका स्लॅबपुरतेच आहेत. भाड्याने आणणं मला पटत नाही, दुसऱ्याच्या काठीने चालल्यासारखं वाटतं. म्हणून गुरुवारी पोर्चखालचे काढून घेतो आणि शनिवारी ताईकडे लावतो. एका पंगतीची ताटं विसळून दुसऱ्या पंगतीला मांडायची, एवढंच. आजवर अशाच पंगती उठवल्या. तुझ्या दाखल्यावर पोर्च ओतल्याची तारीख टाकलीय जरा मागची.

गुरुवारी खुर्ची टाकून बसणार आहे. गिरणीवाल्याने सगळं बिऱ्हाड बघायला बोलावलंय.

मामा


२४ मार्च, घाईत

मामा,

गुरुवारी टेकू काढू नका.

फोन केला होता. तुम्ही "हॅलो, खडी पाठव" म्हणालात आणि ठेवून दिलात. मामीच्या फोनवर ताईचा मुलगा होता, तो म्हणाला "आजी नाहीये, मी हरतोय" आणि त्यानेही ठेवला. म्हणून हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतोय.

झालं असं की काल आम्ही पाळणा उतरवत होतो. मला भूक लागली होती, म्हणून मी खालची एक खीळ लवकर काढायला गेलो. पाळणेवाल्याने माझ्या हातावर असा फटका मारला की पाना उडून नाल्यात गेला. म्हणाला, "वरचं वजन उतरल्याशिवाय खालचा आधार काढायचा नसतो, गाढवा. पाळणा उभा करताना घाई केली तर लोक टाळ्या वाजवतात, उतरवताना केली तर खांदे देतात." तेव्हा मला एकदम सर आठवले, तो टेकू आठवला, टॉवेल आठवले. पोर्च तर नुसता पुढे आलेला असतो ना? समोरच्या बाजूला त्याला कुणीच धरलेलं नसतं. अजून ओला असेल तो आतून. मी "वरीलपैकी सर्व" वर खूण केली होती मामा, मला खरं उत्तर येत नाही. पण गुरुवार हे नक्की नाही.

आणि सही माझी आहे. मी तिथे नाही, माझी सहीच तेवढी तिथे उभी आहे.

थांबा. मी येतो.

भिंगरी


४ एप्रिल

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद, उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. फोनचं म्हणशील तर मला वाटलं खडीवाला. काळजी करण्यासारखं काही नाही. पोर्चचं काम थोडं पुन्हा करावं लागतंय, किरकोळ. खुर्ची जुनी झाली होती, तीही आता नाही. ताईचा स्लॅब शनिवारी ओतला, झकास झालाय. जावईबापू पहिल्यांदाच बोलले. "हं" म्हणाले.

तू यायची काही गरज नाही. उलट मी म्हणतो, या वयात फिरायचं नाही तर कधी? पाळण्याबरोबर वर्षभर फिर. पुढच्या गावाचा पत्तासुद्धा कळवू नकोस, उगाच बंधन वाटतं. थोडे पैसे वेगळे पाठवलेत, चांगले बूट घे.

स्वेटर आहे ना?

तुझा प्रेमळ मामा


९ एप्रिल

मामा,

डोळ्यांत पाणी आलं! मी पाळणेवाल्याला पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, असा मामा कुणाला असतो? तो म्हणाला, "असे मामा पोलिसांना फार आवडतात." मला काही कळलं नाही. तो माणूसच संशयी आहे, पंक्चरवालासुद्धा त्याला चोर वाटतो.

बूट घेतले. कुरकुरतात. आठवड्याभरात निघतो, समुद्राकडे म्हणतायत. कधी पाहिला नाही. तुम्ही थांबलात ना गुरुवारी? थांबलाच असाल.

भिंगरी


१० एप्रिल

चि. भिंगरी,

मी तुझी मामी. ह्यांना न सांगता लिहितेय. लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

हे थांबले नाहीत. गुरुवारी पोर्चखाली खुर्ची टाकून बसले. गिरणीवाल्याचं सगळं कुटुंब रस्त्यावर ओळीने उभं, नाटकाला आल्यासारखं. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा करत होते, पण दूध नासलं, मला उशीर झाला. शेवटचा टेकू निघाला आणि चहा काही येईना. तसे हे चिडून उठले आणि आत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, माझ्यावर ओरडायला. मागे धाडकन आवाज झाला. वळून बघतोय तर खुर्चीच्या जागी पोर्च. माणसं तोवर टेकू घेऊन बाहेर गेली होती, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. जन्मभर माझ्यावर ओरडले, उपयोग त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

आणि ऐक. त्याच पोर्चखालचे टेकू, त्यावरची धूळपण न झटकता, ह्यांनी शनिवारी लेकीच्या स्लॅबखाली लावले. मी म्हटलं, "अहो, दुसऱ्याचं छत पाडून लेकीचं उभं करताय." म्हणाले, "परवानगीची मुदत संपेल."

मग खात्यातला साहेब आला. फलक वाचला. फलकावर ह्यांचं नाव नाहीच, तुझं आहे. दाखल्यावर तुझी सही, तो उंदीर. साहेबाने विचारलं, हा ठेकेदार कुठाय? हे म्हणाले, "सापडत नाही, फिरस्ता आहे." नोटीस तुझ्या नावाने लागलीय. म्हणून तुला बूट. ह्यांना वाटतं, तू सापडला नाहीस तर तूही सुटशील आणि हेही. तुला वाचवतोय असंच ते स्वतःला सांगतात, आणि अर्धं ते खरंही असेल. पण जेवताना भिंतीकडे तोंड करून बसतात आणि ताईकडे गेले की टेकू मोजत राहतात.

यायचं की नाही, ते तू ठरव. तुझ्या पायाला भिंगरी आहे. पण ती उलटीपण फिरते.

मामी


१४ एप्रिल

मामा,

समुद्र राहिला. बसमध्ये बसून लिहितोय म्हणून अक्षर असं.

मी येतोय. खात्यात जाऊन सांगणार आहे की सही माझी, कागद कोरा होता आणि काम तुमचं. तिन्ही खरं आहे. प्रमाणपत्र जाईल, जाऊ दे, त्यातल्या फोटोत मी नाहीतरी हेल्मेटला घाबरल्यासारखाच दिसतो. तुमच्यावर काय यायचं ते येईल. मामा, मला वाचवायचं होतं तर बूट कशाला घेऊन दिलेत? एक ओरडा पुरला असता. मामीवर ओरडलात, त्यानेच तुम्ही वाचलात ना.

मला काहीच येत नाही, हे तरी मला आता येतं. तुमचं काय?

भिंगरी


२५ मे
प्रशिक्षण संस्था, खोली तीच, खाट खिडकीकडची

चि. भिंगरी,

पोचलो.

खात्यात त्या दिवशी तू माझ्या शेजारी उभा राहून जे बोललास, त्याबद्दल मी घरी येईपर्यंत बोललो नाही आणि आताही बोलत नाही. साहेबाने तुझं प्रमाणपत्र वर्षभर बाजूला ठेवलं आणि मला म्हणाला, "तुम्ही अनुभवी गटात बसा, नाहीतर थापी खाली ठेवा." मी म्हटलं, विचार करतो. दारावरचा कागद तेव्हा नीट वाचला. खरं तर पहिल्या दिवशीही वाचला होता.

इथे पोरं मला "आजोबा" म्हणतात. मी ओळंबा धरायला शिकवलेला एक जण पुढच्या बाकावर आहे. पहिल्या दिवशी त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबायला वहीत तोंड घातलं. पाणी पिऊन येऊ का, हे अजून विचारलेलं नाही. तहान मारतोय.

सर ठीक आहेत. बर्फाचा धडा सुरू झालाय. तुझा टेकू पाहिला. फारच वाईट लावलाय, पण मी बोलणार नाही. इथे सध्या माझ्या बोलण्याला वजन नाही.

ताईचा स्लॅब कसा आहे? रोज बघ. टेकूला कुणी हात लावला तर तंगडं मोड.

मामा


२ जून

ती. मामा,

नमस्कार. आता वाकायला जागाच जागा आहे, फक्त उठताना डोकं टेकूला लागतं.

घरभाडं आणि बांधकाम दोन्ही परवडेना म्हणून ताई नव्या घरात राहायला आली, टेकूंसकट. हॉलमध्ये जंगल आहे. पाहुणे आले की झाडाआडून बोलल्यासारखे बोलतात. ताईने टॉवेल वाळत घालायला सुरुवात केलीय, आणि तिच्या मुलाने एका टेकूवर खडूने लिहिलंय, "तात्पुरता". मी पुसलं नाही.

गिरणीवाल्याचा पोर्च दुसरा ठेकेदार बांधतोय. मामीने पाडकाम आपल्या खर्चाने करून दिलं. त्या ठेकेदाराकडे प्रमाणपत्र नाही, पण त्याने एक सहीवाला गाठलाय. तो पास झालेला आहे, माझ्याच तुकडीतला. मोटारसायकलवरून येतो, खाली न उतरता पाठीवर कागद ठेवून सही करतो, कुणाच्याही पाठीवर, आणि गाडी बंद न करता जातो. नियम पाळला गेला! जावईबापू म्हणाले, आपणही त्यालाच बोलवू, उद्या टेकू निघतील. ताई म्हणाली, "गाडीवरून न उतरणाऱ्याच्या सहीखाली मी पोराला झोपवणार नाही. बाबा शिकून येऊ देत. त्यांनी चूक केलीय, पण आता ते वर बघतात तरी." जावईबापू "हं" म्हणाले.

तेव्हा मामा, सगळं तुमच्या पास होण्यावर थांबलंय. पाणी मागून प्या. तहानलेला माणूस बर्फाचं वजन काय सांगणार?

मी स्लॅबवर पाणी मारून मारून गच्चीत बेडूक आणलेत. मधमाश्यांची ती गंमत सांगायची राहिलीच, पण—

भिंगरी
(ताई जेवायला बोलावतेय)


८ जुलै

चि. भिंगरी,

पास झालो. नापास करण्याची पद्धत अजून ठरायचीच आहे, तेव्हा पेढे नकोत. पण माझी परीक्षा तोंडी झाली, ती ऐक. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "आजोबा, टेकू कधी काढावेत?" मी विचारलं, "पुस्तकातलं सांगू, की पडलेल्या पोर्चचं?" त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "वरीलपैकी सर्व." मी सगळं सांगितलं. खुर्चीसकट. सांगायला लाज वाटली, पण ऐकणाऱ्यांना जांभई आली नाही, हे त्या वर्गात पहिल्यांदाच झालं म्हणतात.

आता खरी गोष्ट. मागच्या सोमवारी मी माझी ओली घोंगडी त्या टेकूवर टाकली. जड होती. सर बर्फावरून पुढे सरकतच होते, तेवढ्यात टेकू हलला आणि घोंगडीसकट आडवा झाला. असा आवाज! सगळा वर्ग ओरडत मैदानात. आणि सगळ्यांच्या पुढे कोण होतं? मी. दरवाजातून की खिडकीतून बाहेर पडलो, आठवत नाही. आयुष्यभर छताखाली बसून चहा पिणारा माणूस, मैदानाच्या पार टोकाला जाऊन थांबला. धाप लागली होती. तिथे एक चहावाला होता, त्याने काही न विचारता पेला पुढे केला. भिंगरी, तो चहा फार चांगला लागला. वर नुसतं आभाळ होतं.

छत पडलं नाही. पडणारच नव्हतं. आत जाऊन पाहिलं तर टेकूच्या डोक्याने छताला कधी स्पर्शच केलेला नव्हता, मध्ये बोट जाईल एवढी फट असणार, कारण त्या डोक्यावर कोळ्याचं जुनं जाळं तसंच होतं. इतकी वर्षं सगळे त्याला वळसा घालून चालत होते. सरांनी ते जाळं बोटाने पुसून पाहिलं. मग त्यांनी टेकू पुन्हा होता तिथे उभा करायला लावला. मी विचारलं, "सर, आता कशाला?" म्हणाले, "काढायचा तर प्रमाणपत्रधारक ठेकेदाराची सही लागते. संस्थेत तसा कुणी नाही. आम्ही फक्त देतो." आज प्रमाणपत्र हातात पडल्यावर मी पहिली सही तिथेच करायला निघालो होतो. केली नाही. म्हटलं, आधी छत तपासणारा माणूस आणा, मग बघू. सर म्हणाले, "तुम्हीही कंटाळणार तर." म्हटलं, शिकलोय.

शनिवारी घरी पोचतो. ताईच्या स्लॅबला आता पुरून उरतील एवढे दिवस झालेत, तरी मी आधी सगळीकडे ठोकून बघणार, मग सही करणार, गाडीवरून उतरून. मग एकेक टेकू काढायचा, मधल्यापासून कडेला. आत फक्त काढणारे, तेही दाराकडे पाठ न करता. तू ताईच्या मुलाला घेऊन रस्त्यापलीकडे उभा राहा.

नवी खुर्ची आणू का, विचारणार असशील ना? आण. पण ती रस्त्यापलीकडे, आभाळाखाली मांड, आणि तिच्यावर मामीला बसव. मी तिच्या शेजारी उभा राहीन. सगळे टेकू निघून छत जागच्या जागी राहिलं की कप तिने उपडा घालायचा.

चहा त्या दिवशी तू करायचास. दूध आधी तापवून बघ.

मामा